महाविद्यालयीन खेळाडूंचे शिक्षण, करिअर आणि व्यक्तिगत विकास: इंदूरच्या विद्यार्थ्यांचे व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये, मुख्यतः देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न महाविद्यालयांत शिकत असताना गांभीर्याने खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. क्रीडाधिकारी म्हणून काम करताना हेच प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारले गेले. उत्तरांमागे माझे एक ठाम मत आहे. शिक्षण म्हणजे खेळ फसला तर उपयोगी पडेल अशी राखीव सोय नव्हे. खेळाचे आणि अभ्यासाचे वेळापत्रक एकत्र आखले तरच दोन्ही टिकतात, आणि ते आखण्याचा भार अठरा वर्षांच्या एकट्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे.

खेळात इतका वेळ गेला तर अभ्यास मागे पडणारच. मग दोन्हींपैकी एकच का निवडू नये?

वेळ कमी पडतो हे खरे आहे, पण तो कुठे कमी पडतो हे नीट पाहिले की प्रश्न बराच आटोक्यात येतो. सकाळचा आणि संध्याकाळचा सराव मिळून रोजचे साडेतीन-चार तास जातात आणि तासिका बहुधा त्यांच्या मधल्या वेळात असतात, त्यामुळे रोजच्या दिनक्रमात थेट संघर्ष फारसा नसतो. खरी अडचण वर्षातल्या काही ठराविक आठवड्यांत येते. निवड चाचणी, संघाचे शिबिर, विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि त्यातून पुढे गेल्यास अखिल भारतीय स्पर्धा, असा हा हंगाम साधारणपणे पावसाळा संपल्यावर सुरू होऊन हिवाळाभर चालतो आणि त्याच काळात अंतर्गत परीक्षा व प्रात्यक्षिकेही येतात.

म्हणून माझा आग्रह असा की प्रवेश झाल्यावर पहिल्या महिन्यातच विद्यार्थी, क्रीडाधिकारी आणि वर्गाचे एक प्राध्यापक यांनी एकत्र बसावे, विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक आणि खेळाचा हंगाम शेजारी शेजारी मांडावेत आणि कोणते आठवडे एकमेकांवर येणार आहेत ते लिहून काढावे. ज्या विषयाचे प्रात्यक्षिक बुडणार आहे, त्याचे शिक्षक सप्टेंबरमध्ये जितक्या मोकळेपणाने मार्ग काढून देतात, तितक्या मोकळेपणाने परीक्षेच्या आदल्या आठवड्यात देऊ शकत नाहीत, कारण तोपर्यंत त्यांच्या हातात फारसे काही उरलेलेच नसते. तारखा पुढे बदलतात, हे मान्य आहे. बदललेली तारीख ज्याच्याकडे मूळ आराखडा आहे त्यालाच सांभाळता येते.

स्पर्धेमुळे हजेरी कमी पडली तर काय होते?

बहुतेक अभ्यासक्रमांत ७५ टक्के हजेरीची अट असते. महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करताना गेलेले दिवस हजेरीत धरले जावेत अशी विनंती करता येते, आणि ती मान्य होण्याची शक्यता कागदांवर अवलंबून असते. स्पर्धेला निघण्यापूर्वीच निवडीचे पत्र जोडून अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि परतल्यावर सहभागाचे प्रमाणपत्र लगेच जमा करावे. रोजच्या सरावासाठी अशी सवलत मिळत नाही. सकाळच्या सरावाने थकून पहिला तास रोज बुडवणारा विद्यार्थी आणि विद्यापीठाच्या संघातून दहा दिवस बाहेर गेलेला विद्यार्थी यांच्यात महाविद्यालय फरक करते, आणि तो करायलाच हवा.

मुख्य परीक्षेची तारीख आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्यास निर्णय विद्यापीठाच्या पातळीवर होतो. प्राचार्य किंवा क्रीडाधिकारी शिफारस करू शकतात, हमी देऊ शकत नाहीत. तोंडी आश्वासनावर विसंबून पेपर सोडू नये.

खेळाडूने शारीरिक शिक्षणाचाच अभ्यासक्रम घ्यावा का?

त्या विषयाची खरी आवड असेल तर जरूर घ्यावा. मध्य प्रदेशात तर त्यासाठी ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थान आहे, जे १९५७ साली, १८५७ च्या उठावाच्या शताब्दीवर्षी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सुरू झाले. परंतु ‘खेळतो आहे, मग दुसरे काय जमणार’ या विचाराने तो निवडणे म्हणजे मुलाच्या बुद्धीविषयी आधीच निकाल देणे आहे. शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी आणि क्रीडा मानसशास्त्र हे त्यातले विषय मेहनतीचेच आहेत, आणि ज्याला हिशोब आवडतो त्याने वाणिज्य, ज्याला लेखन आवडते त्याने पत्रकारिता निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. एक व्यावहारिक सूचना मात्र करतो: ज्या अभ्यासक्रमांत प्रयोगशाळेचे तास पुष्कळ असतात तिथे बुडलेला तास घरी बसून भरून काढता येत नाही, म्हणून तो निवडण्यापूर्वी मागच्या वर्षांतल्या एखाद्या खेळाडू विद्यार्थ्याशी बोलावे.

एखादे वर्ष पूर्णपणे खेळाला द्यायचे असेल, तर पदवी वाया जाते का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून ही भीती बरीच कमी झाली आहे. एक वर्ष पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका आणि तीन वर्षांवर पदवी अशी रचना आहे, आणि मिळवलेली श्रेयांके (क्रेडिट) शैक्षणिक श्रेयांक पेढीत, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या डिजिटल खात्यात, कमाल सात वर्षांपर्यंत जमा राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांके ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही मिळवता येतात, फक्त आपल्या विद्यापीठाने तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य केलेला आहे ना, हे नाव नोंदवण्याआधी विचारावे. शिवाय २०२२ पासून नियमित पदवीबरोबर दुसरी पदवी मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने घेण्याचीही मुभा आहे.

इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) ही विद्यापीठांची संघटना आयोजित करते, आणि त्यांत खेळण्यासाठी विद्यार्थी पूर्णवेळ अभ्यासक्रमात दाखल असावा लागतो आणि त्याचे वय पंचविशीच्या आत असावे लागते. म्हणजे खेळासाठी म्हणून शिक्षण थांबवले, तर त्या वर्षी आंतरविद्यापीठ मैदानाचे दारही बंद होते. ज्याच्या कारकिर्दीत विद्यापीठाची पातळी ही मोठी पायरी आहे, त्याने वर्ष सोडण्यापूर्वी हा हिशोब करावा. ज्या क्रिकेटपटूची निवड राज्याच्या संघात होऊ लागली आहे, त्याचा हिशोब वेगळा असू शकतो.

महाविद्यालयापासून राष्ट्रीय पातळीपर्यंतचा मार्ग कसा असतो?

महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असा क्रम आहे. त्यापुढे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा आहेत, ज्या २०२० मध्ये भुवनेश्वर येथे पहिल्यांदा झाल्या. निवड चाचणीची सूचना बहुधा क्रीडा विभागाच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर येते. पहिल्या वर्षाची मुले ती चुकवतात, म्हणून प्रवेशाच्या आठवड्यातच क्रीडाधिकाऱ्याकडे नाव नोंदवून ठेवावे.

शिष्यवृत्त्या कोणत्या आहेत आणि त्यांवर किती भिस्त ठेवावी?

खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद असते. हा आकडा ऐकून पालक हरखून जातात, पण त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये, खेळाडूच्या हाती किरकोळ खर्चासाठी येतात आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार, साहित्य, शिक्षण यांवर खर्च होते. ऑलिंपिकच्या तयारीसाठीची ‘टॉप्स’ योजना २०१४ पासून आहे आणि ती अगदी वरच्या थरातील खेळाडूंसाठी आहे. राज्य शासनाचे एकलव्य आणि विक्रम हे पुरस्कारही मोजक्यांनाच मिळतात.

बहुसंख्य विद्यार्थी खेळाडूंना यांतले काहीच मिळत नाही. त्यांच्यासाठी महाविद्यालयाची शुल्कसवलत, वसतिगृहातील जागा आणि ग्रंथालयाची जादा पुस्तके याच सवलती महत्त्वाच्या ठरतात. या सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण तो विद्यार्थी संस्थेच्या नावाने मैदानात उतरतो.

खेळामुळे सरकारी नोकरी खरोखर मिळते का?

मिळते, पण कोणाला आणि कशाच्या आधारावर, हे नीट समजून घ्यावे. इंदूरला ही कल्पना नवी नाही. क्रिकेटपटू सी. के. नायडूंना होळकर दरबाराने १९२३ मध्ये इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात अधिकारी केले, आणि होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्यामागे खेळाडूच्या पोटापाण्याची काळजी राज्याने घेतली होती हे मोठे कारण होते. आज ते काम रेल्वे, पोलीस, सैन्यदले, बँका, आयकर व टपाल यांसारखी खाती खेळ कोट्यातून करतात.

केंद्र सरकारच्या नियमांत आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, आंतरविद्यापीठ आणि शालेय अशा पातळ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक पातळीसाठी प्रमाणपत्राचा वेगळा नमुना आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाच्या सहीचे लागते. स्पर्धेच्या ठिकाणी मिळालेले रंगीत प्रशस्तिपत्र भिंतीवर शोभते, पण नोकरीच्या अर्जाला ते पुरेसे असतेच असे नाही. पदवी संपून तीन-चार वर्षांनी जाहिरात निघाल्यावर हा नमुना भरून घ्यायला धावणारे तरुण मी अनेकदा पाहिले आहेत. तोपर्यंत अधिकारी बदललेले असतात आणि जुनी नोंदवही शोधावी लागते. म्हणून ज्या वर्षी खेळलात त्याच वर्षी तो नमुना भरून घ्यावा, आणि त्यातील नाव व जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का ते पाहावे.

पात्र खेळांची यादीही वाढली आहे. २०२० मध्ये ती ४३ वरून ६३ खेळांची झाली आणि तिच्यात मल्लखांब आला, जो मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे आणि माळव्यातल्या कितीतरी मराठी घरांत पिढ्यानुपिढ्या खेळला गेला आहे. खेलो इंडिया स्पर्धांतील पदकविजेत्यांनाही सरकारी नोकऱ्यांसाठी पात्र धरण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. एवढे सगळे असूनही जागा थोड्या असतात, चाचणीत ताजी कामगिरी पाहिली जाते आणि पदासाठीची शैक्षणिक अर्हता सुटत नाही. पदवी अर्धवट सोडलेला उत्तम खेळाडू वरच्या पदाच्या रांगेतून तिथेच बाहेर पडतो.

मैदानाशी नाते ठेवून दुसरे कोणते काम करता येते?

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाची पदविका घेता येते आणि तिथे अल्प मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. पंच आणि अधिकाऱ्यांच्या परीक्षा त्या त्या खेळाच्या संघटना घेतात, आणि त्या विद्यार्थी असतानाच दिल्या तर सुट्टीत थोडी कमाई होते व खेळाचे नियमही पक्के होतात. याशिवाय फिजिओथेरपी, आहारशास्त्र, खेळाच्या आकडेवारीचे विश्लेषण, क्रीडा पत्रकारिता, समालोचन, क्रीडांगणांचे व्यवस्थापन असे कितीतरी मार्ग आहेत.

मुलाखतीत आणि बायोडेटात खेळाचा उल्लेख कसा करावा?

‘मला संघभावना शिकायला मिळाली’ एवढेच वाक्य लिहिल्याने समोरच्याला काही कळत नाही. संघाचा कर्णधार असताना प्रवासाची तिकिटे, साहित्याची यादी, खर्चाचा हिशोब यांपैकी काय सांभाळले, नवख्या खेळाडूला काय शिकवले, सलग पराभवांनंतर सरावात कोणता बदल केला, हे नेमकेपणाने लिहावे. स्पर्धेचे पूर्ण नाव, वर्ष, पातळी आणि क्रमांक द्यावा. इंग्रजीत बोलण्याची भीती ही आपल्याकडच्या अनेक खेळाडूंची मोठी अडचण आहे, आणि तिच्यावर अंतिम वर्षात नव्हे तर पहिल्या वर्षापासून रोज थोडे काम करावे. दोन सत्रांमधल्या सुट्टीत किमान एकदा एखाद्या कार्यालयात किंवा दुकानात प्रत्यक्ष काम करून पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

दुखापत झाली की सगळेच थांबते. तेव्हा काय करावे?

गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर मैदानात परतायला सहसा नऊ महिने ते वर्ष लागते, आणि घाई केल्यास तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका वाढतो. तीन वर्षांच्या पदवीत एवढा काळ म्हणजे एक पूर्ण हंगाम असतो. त्या काळात खेळाडूच्या दिवसातले चार तास अचानक रिकामे होतात, मित्र मैदानावर असतात आणि ‘मी आता कोण’ हा प्रश्न त्याला सतावतो. मला वाटते, दुखापतीचा हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. डॉक्टर गुडघा पाहतात, प्रशिक्षक परतीची तारीख विचारतात, पण मुलाची विचारपूस कोणी करत नाही.

अशा विद्यार्थ्याला संघापासून तोडू नये. गुणलेखन, सामन्यांचे चित्रण, नवख्यांची मदत असे काम द्यावे. मागे राहिलेले विषय आणि ऑनलाइन श्रेयांके याच काळात पूर्ण करता येतात. परीक्षेला बसताना खाली बसणे किंवा जिने चढणे शक्य नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह तळमजल्यावरील जागेसाठी आधीच अर्ज करावा.

मुलगा गप्प राहतो, झोपत नाही, खेळायलाही नको म्हणतो. हा आळस आहे का?

आळस म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि खेळातला रस एकदमच हरवला असेल तर ते मदत घेण्याचे कारण आहे. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते. जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून आले तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याला एकटे सोडू नये.

घरी एक पथ्य पाळता येईल: जेवणाच्या ताटावर निवडीचा आणि निकालाचा विषय काढू नये.

मुलगी खेळते. तिच्या आरोग्याबाबत आणि सुरक्षिततेबाबत काय पाहावे?

मेहनत वाढली पण आहार वाढला नाही, तर शरीर ऊर्जा वाचवू लागते. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, वारंवार बारीक फ्रॅक्चर होतात. ‘खेळणाऱ्या मुलींचे असे होतेच’ हे वाक्य चुकीचे आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. खेळाडूला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. नुसत्या पोह्यांच्या नाश्त्यावर ती पूर्ण होत नाहीत, पण डाळी, दूध, दही, पनीर, अंडी आणि आपल्या माळव्यात भरपूर पिकणारे सोयाबीन यांतून सहज होतात. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्यांची गरज क्वचितच पडते.

सुरक्षिततेबाबत स्पष्ट बोलतो. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींच्या संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक आहे का, राहण्याची जागा कोणती आहे, हे विचारणे हा पालकांचा अधिकार आहे आणि त्यामुळे कोणाला राग येत असेल तर ती त्या व्यक्तीची अडचण आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे मुलीला आधीपासून माहीत असावीत.

सर्दीचे औषध किंवा प्रोटीन पावडर घेतल्याने बंदी येऊ शकते का?

होय. शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते आणि ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रीन स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापुढे निषिद्ध आहे, आणि सांध्यात दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. व्यायामापूर्वी घ्यायच्या काही पावडरींत उत्तेजके मिसळलेली आढळतात. जाणूनबुजून केलेल्या पहिल्या गुन्ह्यालाही चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, म्हणजे पदवीचा संपूर्ण काळ. डॉक्टरांना आपण स्पर्धेत खेळतो हे आधी सांगावे, औषध राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ॲपवर तपासावे, आणि उपचार टाळता येत नसेल तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा. व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेला पावडरचा डबा घेऊ नये.

परदेशातल्या विद्यापीठांत खेळाडूंसाठी काय व्यवस्था असते?

अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठात क्रीडा संचालक होमर राइस यांनी १९८० च्या दशकात खेळाडूच्या अभ्यासाचा, करिअरचा आणि व्यक्तिगत वाढीचा एकत्र विचार करणारा कार्यक्रम सुरू केला, आणि तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, १९९४ मध्ये तशाच धर्तीचा कार्यक्रम देशभर नेला. त्यांच्या नियमांतील एक तरतूद आपण उद्या सकाळी स्वीकारू शकतो: हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त नको आणि एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. यासाठी ना निधी लागतो ना इमारत.

तिकडे शिष्यवृत्तीवर जायचे असल्यास दहावीच्या आसपासच तयारी करावी लागते, कारण एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीतील विद्यापीठांसाठी शाळेतील सोळा मुख्य विषयांचे गुण पाहिले जातात. तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्तीच नसते. ‘पैसे भरा, प्रवेश मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहावे.

प्रशिक्षक म्हणतात, अभ्यास सोड आणि फक्त खेळ. त्यांना काय सांगावे?

आदराने, पण स्पष्टपणे वेळापत्रक दाखवावे. ‘सर, या दोन आठवड्यांत माझी प्रात्यक्षिके आहेत, सकाळचा सराव मी चुकवणार नाही, संध्याकाळचा पाऊण तास आधी सोडा’ असे नेमके मागणे केले, तर बहुतेक प्रशिक्षक मान्य करतात. तरीही ते अडून बसले तर हे बोलणे विद्यार्थ्यावर सोडू नये. संघातील जागा त्यांच्या हाती असते, त्यामुळे मुलगा बोलू शकत नाही. तेव्हा क्रीडाधिकाऱ्याने आणि पालकांनी पुढे व्हावे.

क्रीडाधिकाऱ्याला पहिल्यांदा भेटताना काय न्यावे?

दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, आधीच्या स्पर्धांची सर्व प्रमाणपत्रे, प्रवेशाची पावती, रक्तगट आणि जुन्या दुखापतींची माहिती, आणि वर्गाचे वेळापत्रक. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती घरी ठेवाव्यात, छायाप्रती द्याव्यात आणि प्रत्येकीचे छायाचित्र मोबाइलबरोबरच ईमेलवरही जपून ठेवावे. पहिल्या वर्षी आई किंवा बाबांपैकी एकाने सोबत यावे, म्हणजे कोणते आठवडे एकमेकांवर येणार आहेत ते घरीही सर्वांना ठाऊक होते.